दोन बोटं माया

मी इचलकरंजीचा. ज्या गावात कापडाशिवाय दुसरं काही फारसं पिकत नाही, त्या गावात वाढून मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत अंगाला नीट बसणारा एक शर्ट मिळू नये, ह्याला माझं नशीब म्हणायचं की कापडधंद्याचा नाकर्तेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून आमच्याकडे शांतता नाही. पाहुण्यांना मागांच्या खडखडाटात झोप लागत नाही. आम्हाला वीज जाऊन खडखडाट थांबला की दचकून जाग येते.

त्यात गावभर पाट्या सायझिंगच्या. अमुक सायझिंग, तमुक सायझिंग, श्री कृपा सायझिंग. लहानपणी मला वाटायचं, ही माणसांची मापं काढायची ठिकाणं असणार, मोठं झाल्यावर आपल्यालाही तिथे नेतील आणि साइझ ठरवून देतील. माझा मामा अशाच एका सायझिंगमध्ये आहे. त्याला विचारलं तेव्हा त्यानं आत नेऊन दाखवलं. तिथे माणसं सोडून सगळं होतं. ताण्याचं सूत खळीतून काढत होते, वाळवत होते आणि बीमवर गुंडाळत होते, म्हणजे मागावर ताण आला की तुटत नाही. "आणि माणसांचं सायझिंग?" मी विचारलं. "ते लग्नानंतर," मामा म्हणाला.

तर मूळ मुद्दा माझ्या सायझिंगचा. मी जन्मलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन "मुलगी" असं जाहीर केलं. हा गैरसमज बावीस वर्षांनी मी घरच्यांना समोर बसवून दूर केला. पण तोपर्यंत शरीरानं डॉक्टरीणबाईंचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आमच्या आजीकडून मला दोन गोष्टी आल्या, एक चंद्रहार आणि दुसरा कमरेखालचा घेर. चंद्रहार मी बहिणीला देऊन टाकला. घेर कुणी घेतला नाही.

भाषेचं मात्र मला कधीच अडलं नाही, हे कोल्हापूर जिल्ह्याचे उपकार. आमच्या भागात पोरीसुद्धा स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. पुण्याची माणसं हे ऐकून गोंधळतात. मी बालवाडीपासून "मी आलो" म्हणत होतो आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. व्याकरणात ज्याला प्रथम पुरुष म्हणतात, तो मी पहिल्यापासून होतोच. "आलास व्हय?" हा द्वितीय पुरुषही आमच्याकडे खपून जातो. पेच तृतीय पुरुषाचा. तो आला की ती आली, हे आपण खोलीत नसताना ठरतं. मी सांगून टाकल्यावर घरच्यांनी ह्या पेचातून एक नामी वाट काढली. सगळे मला "बाळ" म्हणायला लागले. बाळ आलं, बाळ जेवलं, बाळाला बँकेत नोकरी लागली. आज मला मिशी आहे आणि गृहकर्जाचा हप्ता आहे, तरी फोनवर मामा आईला विचारतो, "बाळ उठलं का?" नपुंसकलिंगाचा एवढा प्रेमळ वापर दुसऱ्या कुठल्या घराण्यात झाला असेल असं मला वाटत नाही.

शर्टाला मात्र असं बगल देऊन बोलता येत नाही. शर्ट म्हणजे शुद्ध तृतीय पुरुष. आपण रस्त्यानं चाललो की तो परस्पर लोकांना सांगत सुटतो.

नोकरीला पुण्यात आलो आणि पहिल्या पगारात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात शिरलो. तेव्हा आवाज जुनाच होता. सेल्समननं हसून डावीकडे हात केला, "मॅडम, लेडीज त्या बाजूला." मी म्हटलं, "नाही, शर्टच बघायचेत." "कुणासाठी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भावासाठी." मला भाऊ नाही. पण त्या क्षणी तो जन्माला आला. "साइझ काय भावाचा?" "माझ्याच अंगाचा आहे." "मग तुम्हीच लावून बघा ना." ह्या एका वाक्यासाठी मी पुढची चार वर्षं त्या दुकानाचा एकनिष्ठ गिऱ्हाईक राहिलो.

भाऊ हळूहळू मोठा होत गेला. तो सांगलीला नोकरीला लागला, कारण सेल्समननं विचारलं, की ते स्वतः का येत नाहीत? मग त्याला सुट्टी मिळेना. मग त्याचं लग्न ठरलं, कारण मला ब्लेझर बघायचा होता. ब्लेझर बसला नाही, तेव्हा मला ते लग्न मोडावं लागलं. सेल्समनला मनापासून वाईट वाटलं. "होतं असं, चांगली स्थळं आहेत हो," म्हणून त्यानं आपल्या मावसबहिणीचं नाव सुचवलं.

बसत काहीच नव्हतं, हे सांगायचं राहिलं. माझी मापं अशी: खांदा 15 इंच, छाती 38, कंबर 34 आणि सीट 44. आता पुरुषांचा तयार शर्ट छातीच्या आकड्यावर चालतो आणि छातीच्या खाली पुरुष सरळ भिंतीसारखा उतरतो, असं कंपनीनं धरलेलं असतं. म्हणजे 38 चा घेतला की वरची चार बटणं गुण्यागोविंदानं लागतात आणि खालची तीन एकमेकांची तोंडं बघत नाहीत. 44 चा घेतला की सगळी बटणं लागतात, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि कॉलरमध्ये मी अधिक एक शेजारी असे दोघं मावतो. उभ्या रेघांनी माणूस सडपातळ दिसतो असं सगळे सांगतात, म्हणून रेघांचा घेतला. माझ्या अंगावर त्या रेघा भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारख्या वळायला लागल्या. कुठे डोंगर, कुठे खिंड, कुठे पठार, हे लांबूनही वाचता यायचं. चौकडीचं तर विचारूच नका. चौकडीचे चौकोन जिथे चौकोन राहत नाहीत, तिथे लोकांची नजर बरोबर जाते.

बटणांची वेगळीच गंमत. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजवीकडे आणि बायकांच्या डावीकडे. ह्याचं कारण सांगणारे तलवारीपासून दासीपर्यंत काहीही सांगतात. मला एवढंच कळलं, की बावीस वर्षांची बोटांची सवय एका दिवसात फिरत नाही. पहिले दोन महिने रोज सकाळी मी आरशासमोर स्वतःच्या शर्टाशी कुस्ती खेळायचो आणि ऑफिसला उशिरा पोचायचो. साहेबांनी कारण विचारलं. काय सांगणार? काज डावीकडे आलंय म्हणून?

पँट हा त्याहून दुःखद विषय, पण त्यात एक सुख आहे, म्हणून आधी सुख सांगतो. खिसा. ज्यांनी आयुष्यभर पुरुषी पँट घातली त्यांना खिशाची किंमत कळणार नाही. मी पूर्वी ज्या पँटी घालायचो, त्यांच्या खिशात दोन बोटं जायची आणि काहींचे खिसे तर नुसते वरून शिवलेले, देखाव्यापुरते. पहिल्यांदा पुरुषांच्या पँटच्या खिशात हात घातला तेव्हा तो मनगटापर्यंत आत गेला आणि मी घाबरून बाहेर काढला. आज माझ्या खिशात पाकीट, फोन, किल्ल्या, रुमाल, तिकिटं आणि गेल्या पावसाळ्यातला एक लिमलेटचा कागद आहे.

आता दुःख. 34 कमरेची पँट मांडीपाशी येऊन थांबते आणि पुढची वाट आपली आपण शोधा म्हणते. सीटवरून जाईल अशी घ्यायची तर 40 ची लागते. ती वर गेली की कमरेला चहूबाजूंनी एवढी मोकळीक उरते, की मागे जेवणाचा डबा ठेवता येईल. पट्टा आवळला की ते सगळं कापड गोळा होऊन मागे चुण्या पडतात, नऊवारीच्या काष्ट्यासारख्या. ज्या पोषाखातून सुटायला मी पँट घेतली, तोच मागच्या दारानं परत. तिरप्या खिशांचं आणखी एक. सीट ताणली गेली, की ते दोन्ही बाजूंना कानासारखे उघडे राहतात. मित्र म्हणाला, "तू चालतोस तेव्हा तुझी पँट ऐकत असल्यासारखी वाटते."

40 ची पँट उंचीलाही भरपूर असते. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्यामुळे प्रत्येक पँटच्या दोन्ही पायांतून सहा-सहा इंच कापायला लागायचे. ते तुकडे मी घरी न्यायचो, कारण आमच्या गावात कापड टाकत नाहीत. आई त्यांच्या पिशव्या शिवते. आजमितीला आमच्या घरी लसणाची एक, चिल्लर पैशांची एक, मामाच्या पानसुपारीची एक आणि देवघरातल्या वातींची एक अशा माझ्या पँटांच्या कितीतरी पिशव्या नांदत आहेत. वातींची पिशवी काळ्या फॉर्मलची आहे.

मधल्या काळात देशात मोठमोठ्या गोष्टी होत होत्या. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं, की आपण पुरुष की स्त्री की आणखी कोणी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. 2019 साली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या शिक्क्याचं ओळखपत्र मिळायला लागलं, ते मीही काढलं. निफ्ट ह्या फॅशन-संस्थेनं तर पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजार भारतीयांची यंत्रानं मापं घेऊन खास देशी साइझ ठरवायचा प्रकल्पही हाती घेतला. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो, की आपल्याला बोलावलंच तर कुठल्या रांगेत उभं करतील, आणि कुठल्या रांगेची सरासरी त्यामुळे जास्त बिघडेल.

छातीबद्दल थोडं सांगायला हवं. 38 हा आकडा नैसर्गिक नाही, तो बाइंडर घातल्यावरचा आहे. बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायची घट्ट बंडी. हे मला कळायच्या आधी मी औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून गुंडाळत असे. "कुठे मुरगळलंय?" दुकानदार विचारायचा. मी कधी गुडघा सांगायचो, कधी घोटा. तेवढ्या बँडेजात हत्तीचा घोटा बसला असता. हा उद्योग कुणी करू नये. बँडेज श्वासागणिक आवळत जातं, आणि माझी बरगडी तीन आठवडे जिना चढताना बोलत होती. शेवटी ऑफिसातल्या एका मित्राला, ज्याला थोडंफार माहीत होतं, हळूच म्हटलं, "मला एक चांगला बाइंडर पाहिजे." तो म्हणाला, "अप्पा बळवंत चौकात जा. माझा थीसिस तिथेच केला, सोनेरी अक्षरांत नावसुद्धा टाकून देतात."

खरा बाइंडर पोस्टानं आला. त्याचे नियम कडक. आठ तासांच्या वर घालायचा नाही, झोपताना घालायचा नाही, घालून धावायचं नाही. आमच्याकडे तासांचं गणित नवीन नाही. कारखान्यात दिवसपाळी असते आणि रात्रपाळीही असते. आमच्या घराण्यात "पाळी" ह्या शब्दाचा हाच अर्थ पहिला. दुसऱ्या अर्थाशी माझं कधी पटलं नाही. एप्रिलच्या पुण्यात बाइंडर, त्यावर बनियन, त्यावर शर्ट म्हणजे माणूस स्वतःच्या अंगात उकडलेला बटाटा होतो. पण पंचाण्णव टक्के वेळ मी त्या उकाड्यावर खूश असतो, हेही नोंदवून ठेवतो. उरलेले पाच टक्के म्हणजे पीएमटीत उभ्यानं स्वारगेट ते हडपसर.

चार वर्षांपूर्वी हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. आवाज फुटला, मिशी आली, दंड भरले. मला वाटलं, आता कंबरही आपसूक सरळ होईल. डॉक्टर म्हणाले, चरबी थोडी इकडची तिकडे होईल, पण हाड काही ऐकणार नाही. ते बरोबर निघालं. कमरेचं हाड म्हणजे सातबाराचा उतारा आहे. मालकाचं नाव बदलता येतं, हद्द बदलत नाही.

ह्या बदलानंतर दीड वर्षानं मी त्याच लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात गेलो. तोच सेल्समन. मला बघून तो थबकला, दोन पावलं पुढे आला आणि एकदम उजळला. "तुम्ही सांगलीचे ना?" मी काही बोलायच्या आत म्हणाला, "काय चेहरा आहे हो, अगदी बहिणीसारखा! किती वर्षं ताई तुमच्यासाठी शर्ट नेत होत्या. ताई कशा आहेत?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "मजेत आहे. इकडे येणं होत नाही आता." "लग्न झालं वाटतं?" "हो." चार वर्षं मी भावाला जगवलं होतं, एका वाक्यात बहिणीला उजवून टाकलं. त्यानं शर्ट काढला, माझ्या खांद्याला लावला आणि मान हलवली. "ताईंनी बरोबर सांगितलं होतं. अंगकाठी डिट्टो."

शर्ट अर्थातच बसला नाही.

एव्हाना मला एक खोड लागली होती. टपरीवर चहा घेत मी पुरुष बघायचो. म्हणजे कपडे. पुरुषांचे कपडे पुरुषांना कसे बसतात हे एकदा नीट बघून घ्यावं, मग आपलं कुठे चुकतंय ते कळेल, अशी अभ्यासू वृत्ती. महिनाभराच्या निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष धक्कादायक होता. बसतच नाहीत. एकालाही नाही. एकाचा शर्ट पोटावर ताणून दोन बटणांच्या मध्ये पानाच्या आकाराची खिडकी तयार झालेली आणि त्यातून सँडो बनियन सगळ्या चौकाला दर्शन देतंय. दुसऱ्याची बाही बोटांपर्यंत. तिसरा खांद्यात एवढा उतरता, की शर्ट हँगरवरून घसरल्यासारखा. आणि त्यांपैकी एकही जण स्वतःकडे बघत नव्हता. मी सकाळी आरशासमोर अर्धा तास पुढून, मागून, बाजूनं, हात वर करून, खाली वाकून बघून मग दार उघडायचो. आणि हे लोक चहात खारी बुडवत निवडणुकीवर बोलत होते.

माझा मामा ह्या पंथाचा महंत. त्याची पँट लग्नात 36 ची होती, आजही 36 चीच आहे. पोट वाढत गेलं तशी त्यानं पँट सोडली नाही, ती पोटाच्या खाली नेली. दर पाच वर्षांनी एक इंच. "माझी कंबर वाढली न्हाई," तो छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. तिला आता कंबर म्हणायचं का, एवढाच प्रश्न. पुरुषी कपडा मिळवायला मी वर्षानुवर्षं जी वणवण केली, ती करताना माझ्याकडे मुळात ही गोष्टच नव्हती, कपडा न बसल्याचं अज्ञान. ती दुकानात मिळत नाही. मामाला ती बारशाला कुणीतरी दिली असावी.

बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची, म्हणजे नारायणरावांची, दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. मध्यंतराच्या गर्दीत मी एकदा वड्याची बशी हातात घेऊन दोन्हींसमोर उभा राहिलो. शालू नेसलेल्या ह्या पुरुषाकडे बघून एकेकाळी महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका नेसायचं शिकल्या. सरकारनं 1964 साली पद्मभूषण दिलं. माझ्या शेजारच्या काकू आपल्या यजमानांना म्हणत होत्या, "बघा, नेसणं म्हणजे कसं चापूनचोपून!" यजमानांचा शर्ट एका बाजूनं पँटमध्ये होता आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. मला वाटलं, नारायणरावांना शिंपी तरी चांगला मिळाला असणार.

आणि शिंप्याचाच विचार मी कधी केला नव्हता. म्हणजे केला होता, पण धीर होत नव्हता. दुकानातल्या तयार शर्टाला आपली मापं कळत नाहीत. शिंपी टेप लावतो, आकडा मोठ्यानं ओरडतो आणि वहीत लिहितो.

गेल्या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न निघालं आणि घालायला काही नव्हतं. आई म्हणाली, "मलाबादे चौकाच्या मागं एक मास्तर हायेत. तुझ्या आजोबांचे कोट त्यांच्या वडलांनी शिवलेत." पाटीवर "फक्त जेन्ट्स" असं लिहिलेलं. ते वाचून माझ्या पोटात जो गोळा आला, तो कुठल्याही सरकारी कचेरीत आला नव्हता.

मास्तर सत्तरीचे. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, टेप गळ्यात. मला काही न विचारता त्यांनी टेप लावला. एक पोरगा वही घेऊन स्टुलावर.

"शोल्डर पंधरा. बाही एकवीस. छाती साडेअडतीस." इथे मास्तर थांबले. बोटानं माझ्या पाठीवर दोनदा टकटक केलं. "आत काय घातलंय?"

"पट्टा आहे. पाठीचा."

"काढून द्या माप."

"नको."

"लग्नात तो घालणार का?"

"हो."

"मग त्याच्यावरनंच घ्यायला पाहिजे," म्हणाले आणि पुढे सरकले. "कंबर चौतीस. सीट चव्वेचाळीस."

पोरानं मान वर केली. "चौतीस?"

"चव्वेचाळीस."

"कंबर चव्वेचाळीस?"

"कंबर चौतीस, सीट चव्वेचाळीस! कान हायत का काजं?"

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. ह्या सुसंवादानंतर त्यांनाही माझी मापं तोंडपाठ झाली असणार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी शोधत उभा राहिलो. मास्तरांनी मांडीला टेप लावला आणि हुंकार दिला. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी मला नीट बघितलं. पहिल्यांदाच.

"कुठल्या तालमीत?"

मला कळेना.

"मांडी सव्वीस हाय. बसून खाल्लेली न्हाई ही, घट्ट हाय. गंगावेस तालीम का?"

मी काहीतरी पुटपुटलो. मास्तर आता पोराला शिकवत होते. "बघ, ही पैलवानाची मापं. कंबर बारीक, सीट आन मांडी मोठी. ह्यास्नी रेडिमेड कधी बसत न्हाई. खासबागेत कुस्ती मारून आलेली पोरं आमच्या वडलांकडं यायची, मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातनं पँट शिवायला. पुढं दोन-दोन प्लेटा द्यायच्या, मागं टक्स खोल, खिसा सरळ शिवणीत. तिरका दिला की कान उघडतोय."

तिरका दिला की कान उघडतो! मी त्यांच्या पाया पडायचा राहिलो. ज्या घेरापायी मी इतकी वर्षं चौकडीच्या शर्टांना घाबरत होतो, तो घेर कोल्हापूर जिल्ह्यात पैलवानकीचं लक्षण म्हणून वहीत चढला होता. आजीचा घेर. आजीनं उभ्या जन्मात आखाड्याची माती बघितली नव्हती.

"शर्टाला काय करायचं?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच खर्जात गेला.

"त्याला पोटवाल्याचा कट. छातीखालनं घेर सुटा सोडायचा, बाजूला दोन्हीकडं चीर. पुढं टक्स अजिबात न्हाई. उंची सीटच्या वरच तोडायची, रुंद जागेवर काठ आला की सगळा खेळ खलास. पोटवाल्याला पुढं सोडतो, तुम्हास्नी बाजूला सोडतो. आन माया किती ठेवू?"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे मागे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. तयार कपड्यात ती नसते. कंपनीला परवडत नाही.

"किती ठेवतात?"

"दोन बोटं ठेवतो. तरणं अंग हाय, बदलतंय. काय सांगता येतंय का?"

मी म्हटलं, नाही, काही सांगता येत नाही.

लग्न चौदा तास चाललं. हळदीपासून अक्षतांपर्यंत एक पाळी, मग दोन तास बाइंडर काढून कार्यालयाच्या मागच्या खोलीत सैल सदऱ्यात पंख्याखाली पडलो, आणि वरातीला दुसरी पाळी. पण पँट जागच्या जागी होती. कमरेला कमरेएवढी, सीटला सीटएवढी. मी हात खिशात घालून उभा राहिलो आणि बराच वेळ स्वतःकडे बघायचं विसरून गेलो. पंगतीत कुणीतरी माझ्या खांद्यावर श्रीखंड सांडलं, ते मला घरी आल्यावर आईनं दाखवलं. मामा लग्नघरातल्या धावपळीत होता. मुलीचा बाप तो, त्याला बघायला फुरसत नव्हती. तरी जाता-येता दोनदा थांबून त्यानं माझ्या शर्टाचा काठ चिमटीत धरून बघितला, सूत तपासतात तसा. बोलला काही नाही.

दसऱ्याला घरी गेलो तर सकाळीच मामा दारात. "चल जरा माझ्यासंगं." कुठे ते सांगेना. मलाबादे चौक आला तसं कळलं.

मास्तरांनी टेप घेतला. मामानं पोट आत ओढून धरलं आणि समोरच्या भिंतीवर नजर रोवली.

"श्वास सोडा मालक."

"सोडलाय की."

"न्हाई सोडला. खोटं माप मी लिवत न्हाई."

मामानं श्वास सोडला. टेप मास्तरांच्या हातातून दोन पेरं सरकला. पोरगा वहीवरून म्हणाला, "एकोणपन्नास," ह्या वेळी एकदाच आणि हळू. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "36 ची पँट लागती मला." कुणी वाद घातला नाही.

"कट कसला पायजे?" मास्तरांनी विचारलं.

"ह्याला शिवलाय तसलाच."

"आन माया?"

मामानं माझ्याकडे अंगठा केला. "ह्याला किती ठेवलीया?"

"दोन बोटं."

"मग मला चार ठेवा. दिवाळी तोंडावर आलीया."